बिनपगारी देव

पडद्यावर चित्र नसते. काळ्या पार्श्वभूमीवर दोन-चार ओळी उमटतात : तुम्ही बाजारचौकात उभे आहात, उत्तरेला देवळाचा रस्ता आहे, एक भटका कुत्रा हुंगत फिरतो आहे. टेलनेटवरून खेळल्या जाणाऱ्या ज्या खेळांना जाणकार ‘मड’ म्हणतात, त्यांतले सगळे जग असे अक्षरांचे. तलवार अक्षरांची, जखम अक्षरांची, आणि आपण मेलो ही बातमीही एका ओळीत मिळते. चौकात आणखी तिघे उभे आहेत असे पडद्यावर लिहून येते. चौथाही तिथेच असतो, पण त्याचे नाव यादीत येत नाही. तो या खेळाचा अ‍ॅडमिन. दिवसा तो कुठल्यातरी विद्यापीठात रखडलेला प्रबंध सांभाळत असतो किंवा कंपनीच्या थंडगार सर्व्हरखोलीत बसलेला असतो. रात्री त्याच्या हातात पाऊस, मरण आणि बाजारभाव असतात. या गृहस्थाचे चित्र काढायचे तर त्याने स्वतःविषयी लिहिलेला परिचय कामाचा नाही, कारण त्यात तो हमखास काहीशे वर्षांचा ड्रॅगन असतो. कामाची असते ती अशा खेळांतून स्टाफसाठी लिहिलेली नियमावली. जगातले बहुतेक नियम राज्य करणारा लिहितो आणि बाकीचे पाळतात. इथे देवांनी देवांसाठी लिहिलेले नियम असतात, आणि त्यातले एकेक कलम वाचले की ते कोणाच्या मापाने बेतले आहे हे शिंप्याला विचारावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच की ही नियमावली म्हणजे अ‍ॅडमिनचे सर्वांत प्रामाणिक व्यक्तिचित्र आहे, आणि त्याच्या एकूण एक खोडींचे मूळ त्याला देवपण ज्या रीतीने मिळते त्या रीतीत आहे.

ती रीत जुनी आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी पहिला मड लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो तडीस नेला. त्यात गुण साठवत जो सर्वांत वरच्या पायरीवर पोचे तो ‘विझार्ड’ होई, आणि मग दुसऱ्याचे पात्र कायमचे पुसून टाकण्याची सोय त्याच्या बोटाशी येई. १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स पेन्शो यांनी एलपीमड काढला. तिथे बढती मिळालेल्या विझार्डला खेळाचे जगच स्वतः प्रोग्रॅम लिहून वाढवण्याची मुभा मिळाली. कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या डिकूमडपासून निघालेल्या वंशात तर उतरंड आकड्यांनीच बांधलेली आहे. त्याच घराण्यातला जेरेमी एल्सन यांचा १९९३ चा सर्कलमड घ्या : तिसाव्या पातळीपर्यंत सगळे मर्त्य, एकतिसावी अमर, बत्तिसावी देव, तेहतिसावी थोर देव आणि चौतिसावी ‘इम्प्लिमेंटर’, म्हणजे परब्रह्मच. नव्या सर्व्हरवर जो पहिले पात्र तयार करतो तो आपोआप या चौतिसाव्या पातळीवर जाऊन बसतो. स्वयंभू म्हणतात तो हाच. फक्त या स्वयंभूला सर्व्हरचे भाडे भरावे लागते. आता यातली गोम पाहा. पंगतीत सर्वांत चवीने आणि सर्वांत जास्त जेवणारा माणूस हेरून, सन्मान म्हणून, त्याच्या हातात आमटीची बादली द्यावी, तशी ही बढती आहे. ज्याला खेळाचे वेड सर्वांत जास्त, त्याला बक्षीस काय, तर आता तू खेळायचे नाहीस. कोणता राक्षस किती वारांत मरतो, खजिना कुठल्या दाराआड आहे, हे सगळे त्याला दिसते. म्हणजे शोधायला काही उरत नाही. राक्षस त्याच्या अंगावर येऊ नयेत म्हणूनही सर्कलमडमध्ये वेगळी कमांड आहे. हाताशी अफाट शक्ती, मोकळ्या संध्याकाळी आणि करायला काही नाही, असा एक हुशार माणूस ही व्यवस्था मेहनतीने तयार करते. मग नियमावली लिहायला बसते.

पहिले काही नियम अदृश्य होण्याबद्दलचे असतात. देवाला अदृश्य राहता येते, भिंतीआडचे ऐकता येते आणि ‘स्नूप’ नावाच्या कमांडने दुसऱ्याच्या पडद्यावर काय उमटते आहे ते जसेच्या तसे वाचता येते. सोय आहे ती भांडणाचा छडा लावण्यासाठी, खेळातल्या त्रुटींचा गुपचूप फायदा घेणाऱ्याला पकडण्यासाठी. पण नियमावली पुन्हा पुन्हा बजावते की कारणाशिवाय स्नूप करू नये, केल्यास वरिष्ठांना सांगावे, आणि खाजगी बोलण्यात जे कळले ते दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर विनोद म्हणून वापरू नये. या शेवटच्या अटीची गरज कोणाला सुचली असेल? ज्याच्यासमोर तो विनोद झाला त्याला. असेच एक कलम दुसऱ्याच्या पात्राकडून जबरदस्तीने काही करवून घेण्याच्या कमांडबद्दल असते. तिथे ‘गंमत म्हणूनही नाही’ अशी पुस्ती सापडली तर समजावे की गंमत झालेली आहे. येण्याजाण्याच्या थाटाचा प्रश्नही असाच. सर्कलमडमध्ये अमर माणूस एखाद्या खोलीत प्रकटतो किंवा लुप्त होतो तेव्हा इतरांना दिसणारी ओळ त्याला स्वतः रचता येते. सामान्य खेळाडू ‘पूर्वेकडून आला’ एवढ्यावर भागवतो. देव मात्र विजा, धूर, काळे घोडे आणि तुतारी यांशिवाय किराणा दुकानातही शिरत नाही. सर्व्हर कोसळला असताना नवा प्रोग्रॅम लिहायला ज्याला सवड होत नाही, तो या एका ओळीतला अल्पविराम दोन दिवस घासत बसतो. आणि हे नियम फक्त कागदावर राहत नाहीत. डिकूच्या वंशातल्या मर्कमध्ये आज्ञा अर्धवट टाइप केली तरी चालते, ‘नॉर्थ’ऐवजी एक अक्षर पुरते. त्यामुळे ‘शटडाउन’ची नुसती पहिली काही अक्षरे दाबून कोणी देव आख्खे विश्व बंद करील ही भीती होती. यावर मर्कच्या कर्त्यांनी ‘शटडाउ’ नावाची, शेवटचे अक्षर गाळलेली, स्वतंत्र कमांडच घालून ठेवली. तिचे एकच काम, बंद करायचे असेल तर पूर्ण शब्द लिहा असे देवाला सांगणे. प्रलय करणाऱ्याला शुद्धलेखनाची सक्ती करणारा धर्म दुसरा कुठे असेल असे वाटत नाही.

खरे मर्मस्थान मात्र देवाचे दुसरे पात्र. खेळायची तल्लफ जात नाही, म्हणून तो आणखी एक साधे, मर्त्य पात्र काढतो आणि मर्त्यांत मिसळतो. नियमावलीचा मोठा भाग या गरीब बिचाऱ्या पात्राभोवती गुंडाळलेला असतो. ते कोणाचे आहे हे बाकी स्टाफला माहीत असावे. त्याला देवाने काही देऊ नये. ते ज्या भांडणात आहे त्याचा निवाडा त्याच देवाने करू नये. कथाप्रधान खेळांत तर हे आणखी चिघळते. तिथे नव्या पात्राची पार्श्वकथा लिहून मंजुरीसाठी द्यावी लागते आणि अर्जांची रांग लागते. येणारे अर्ज बहुतेक एकाच कुळातले : आईबाप मारले गेलेले, गाव जळालेले, खांद्यावर राजघराण्याची खूण, वय सतरा. अ‍ॅडमिन त्यावर गंभीरपणे लिहितो की या राज्यात आधीच बरेच हरवलेले राजपुत्र असून कृपया कोणीतरी लोहार व्हावे. ही सूचना योग्यच असते. अडचण एवढीच की त्याचे स्वतःचे मर्त्य पात्र त्या बऱ्याच राजपुत्रांपैकी एक असते. पुढे दोन खेळाडूंचे भांडण होते आणि दोघेही पुरावा म्हणून लॉग पाठवतात. लॉग म्हणजे साधा मजकूर, आणि साधा मजकूर कोणीही उघडून दुरुस्त करू शकतो. त्यामुळे दोन्ही लॉगमध्ये पाठवणारा संतपदाला पोचलेला असतो. खेळाडूने दिलेल्या नुसत्या लॉगवर विसंबू नये, हे कलम अनुभवी मंडळी म्हणूनच ठेवतात.

इथे कोणी म्हणेल की ही माणसे फुकट काम करतात, रात्री जागतात, शिव्या खातात. त्यांची टर उडवणे बरे नव्हे. फुकट करतात हे खरे आहे, आणि माझा मुद्दा नेमका तिथेच बळकट होतो. बिनपगारी फुल अधिकारी ही जात आपल्या ओळखीची आहे. ज्याला पैशात मोबदला नाही तो दुसऱ्या चलनात वसूल करतो, आणि या खेळात ते चलन म्हणजे ‘मी कोण ते ठाऊक आहे का’ हे वाक्य बोलायची संधी. रिचर्ड बार्टल यांनीच १९९६ मध्ये मड खेळणाऱ्यांची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली : चौकट म्हणजे कमाई करणारे, इस्पिक म्हणजे धुंडाळणारे, बदाम म्हणजे गप्पांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला त्रास देण्यात रमणारे. देव याच चार गठ्ठ्यांतून निवडले जातात हे विसरून चालत नाही. चौकटवाला देव झाला की इतर देवांत पहिला यायला धडपडतो. इस्पिकवाला अशी कोडी रचतो की ती सुटणारच नाहीत. बदामवाल्याची तऱ्हा सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत अवघड. त्याचा कोणावरच राग नसतो, फक्त त्याच्या मित्रांच्या तक्रारी आधी वाचल्या जातात आणि त्यांचे राजपुत्र आधी मंजूर होतात. किलवरवाला मात्र बाहेरून आदर्श दिसतो, कारण नियम त्याला तोंडपाठ असतात. दुसऱ्याला मारायचे ते आता तो कलमाने मारतो. व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिनशी या देवाची तुलना करण्याचा मोह आवरावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात सांगितले की अशा गटप्रमुखाचा अधिकार मुख्यतः सदस्य घेण्या-काढण्यापुरता असतो, म्हणून समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. मडचा देव हा निकाल वाचून हळहळेल. त्याच्या अधिकारात ऋतूसुद्धा येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : देव इतके बिघडणारेच असतील तर त्यांनी यंत्र सांभाळावे आणि माणसांचे निवाडे माणसांवर सोडावेत. हे करून झाले आहे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी चालवलेल्या लॅम्डामू या शब्दविश्वात डिसेंबर १९९२ मध्ये विझार्डांनी जाहीर केले की यापुढे आम्ही तांत्रिक काम तेवढे पाहू, समाजाचे प्रश्न समाजाने सोडवावेत. काही महिन्यांनी, मार्च १९९३ मध्ये, एका खेळाडूने इतरांची पात्रे एका प्रोग्रॅमने ताब्यात घेतली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची वर्णने सर्वांसमोर उमटवली. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये याचा वृत्तान्त लिहिला. रहिवाशांची सभा भरली, खूप बोलणे झाले, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझार्डाने स्वतःच्या जबाबदारीवर त्या इसमाचे पात्र काढून टाकले. त्यानंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आली, आणि १९९६ मध्ये विझार्डांनीच कबूल केले की तांत्रिक आणि सामाजिक असे निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आम्ही पुन्हा लक्ष घालू. तेव्हा देव हटवून भागत नाही. ज्याच्या हातात बटण आहे त्याने ते न दाबणे हाही निवाडाच ठरतो, आणि म्हणून त्याच्यासाठी नियम हवेत. ‘तारतम्य बाळगा’ एवढे एकच वाक्य पुरे, असे जे म्हणतात त्यांना विचारावे की तारतम्याचा दावा कोण जास्त करतो. मध्यरात्री रागाच्या भरात कोणाचे पात्र गोठवणारा देव त्या क्षणी आपण तारतम्य सोडले असे कधीच समजत नाही. म्हणून बंदी घालण्याआधी दुसऱ्या सहकाऱ्याला विचारा, चिडला असाल तर लॉगआउट व्हा, जाहीर चॅनेलवर सहकाऱ्याशी भांडू नका, अशी बाळबोध वाटणारी कलमेच सर्वांत मोलाची असतात. चांगला अ‍ॅडमिन त्यांतून घडतो, आणि तो अतिशय कंटाळवाणा असतो. त्याचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, तो येतो तेव्हा तुतारी वाजत नाही, अर्जांची रांग तेवढी हळूहळू कमी होते. विनोदी लेखकाला त्याचा काही उपयोग नाही; खेळ मात्र त्याच्यावर चालतो.

बाकीचे एक दिवस राजीनामा देतात. त्याचेही कलम असते : शांतपणे जावे, कमांड परत कराव्यात, निरोपाचे लांब पत्र लिहू नये. पत्र येतेच. त्यात थकवा, मूल्ये, नव्या नेतृत्वाची दिशा आणि जुने दिवस असे सगळे असते. मग आठवडाभरात एक नवा मर्त्य बाजारचौकात उगवतो, पहिल्या पातळीचा, हातात लाकडी काठी, आणि भटक्या कुत्र्याकडून मार खात असताना वर्षानुवर्षे खेळला नव्हता इतका मन लावून खेळतो. काही दिवसांनी स्टाफकडे एक सविस्तर तक्रार जाते : मंजुरीच्या रांगेत पक्षपात होतो, अदृश्य राहून कोणीतरी ऐकते आहे असा दाट संशय आहे, आणि माझ्या हरवलेल्या राजपुत्राचा अर्ज अजून पडून आहे. तक्रारीत कलमांचे क्रमांक अचूक दिलेले असतात, उपकलमांसकट.