पूर्ण आजारी की पूर्ण बरा: हितचिंतकांस एक अनावृत पत्र

प्रति,
आस्थापना शाखेतील व शाखेबाहेरील सर्व हितचिंतक यांस,



मी दीर्घ वैद्यकीय रजेवर असताना आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांवर दाखल क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवीत बसलेला आपल्यापैकी एका सद्गृहस्थांच्या दृष्टीस पडलो, आणि त्या दर्शनाची वार्ता दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापूर्वीच आवक-जावक विभागापासून अभिलेख कक्षापर्यंत जाऊन पोचली, हे मला यथावकाश कळले. एरवी नस्ती एका टेबलावरून पलीकडच्या टेबलावर न्यावयास पंधरवडा घेणारे आपले कार्यालय सहकाऱ्याच्या प्रकृतीच्या प्रश्नावर एवढी त्वरा दाखविते, हे पाहून मला गहिवरून आले. “डिंक लावता येतो, मग टिपणी लिहावयास काय होते?” हा आपला सवाल इतका बिनतोड आहे की त्याचे उत्तर तोंडी देणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

आजारी मनुष्याची कर्तव्ये कोणती, याविषयी आपली मते मला मान्यच आहेत. त्याने खाटेवर उताणे असावे, छातीपर्यंत शाल ओढलेली असावी, उशाशी मोसंबी असावीत, आणि समाचारास येणाऱ्याची पावले जिन्यावर वाजताच त्याने डोळे अर्धवट मिटावेत. त्याने हसू नये. निदान भेटीस आलेला माणूस जिना उतरून जाईपर्यंत तरी हसू नये. पुढे योग्यतेच्या दाखल्यावर सही-शिक्का होऊन तो रुजू झाला, की त्याच सकाळी पावणेदहाच्या ठोक्याला त्याने हजेरीयंत्रावर अंगठा टेकवून, तीन मजले चढून, तुंबलेल्या नस्त्यांचा ढीग सायंकाळी सव्वासहापर्यंत असा उपसावा की जणू मधले वर्ष कालगणनेत नव्हतेच. खाट आणि खुर्ची या दोहोंच्या मध्ये तिसरे काही असू शकते, ही कल्पनाच मुळी आपल्याला गैरशिस्तीची वाटते.

मला झाला होता मणक्यांचा क्षय. शासकीय सेवेत कण्याचे काम तसे बेताचेच असल्यामुळे हा विकार पुष्कळ दिवस माझ्याही ध्यानात आला नाही, हा भाग अलाहिदा. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघात यांनी ग्रासलेल्या कर्मचाऱ्यास एक वर्षापर्यंत विशेष रजा देण्याची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांत आहे, आणि तिच्या आधारानेच मी औषधे घेत, पाठीला पट्टा बांधून, घरी पडून राहिलो. त्याच नियमांत असेही बजावले आहे की रजेवरील कर्मचाऱ्याने परवानगीवाचून अन्यत्र नोकरी पत्करू नये. आपल्यातील ज्या जाणकारांनी एवढे कलम पाठ करून ठेवले, त्यांच्या व्यासंगाचे कौतुकच केले पाहिजे. परंतु 1979 चे वर्तणूक नियमही त्याच कपाटात ठेवलेले असतात, आणि सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी काम, कर्तव्यास बाधा येत नसेल तर, पूर्वपरवानगीवाचूनही करण्यास त्यांत मुभा आहे. कारखान्यातील कामगारांसाठी झालेला 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आपल्याला लागू नव्हता, तरी त्याचा विवेक पाहण्यासारखा होता: आजारपणाचा लाभ घेणाऱ्याने बरे होण्यास बाधक ठरेल असे काही करू नये, असे तो म्हणत असे. त्याने काहीच करू नये, असे तो म्हणत नसे. कायदे करणारी मंडळी कधी कधी कायदे वाचणाऱ्यांपेक्षा दयाळू असतात.

राहता राहिला मोबदल्याचा प्रश्न. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या आमच्या वाचनालयात पगारी ग्रंथपालालाच जे काही मिळते ते पाहता, पगारी आणि बिनपगारी यांतील भेद तेथे बऱ्याच अंशी तात्त्विक आहे. मला मिळत असे तो अर्धा कप चहा, आणि तोही कार्यवाह हजर असतील तर.

मग मी तेथे जात होतो कशासाठी? दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला घरीदारी सगळे काही मिळत असते: औषध मिळते, उपदेश मिळतो, मऊ भात मिळतो, ‘तुम्ही उठू नका हो’ हे वाक्य दिवसातून अनेकदा मिळते. मिळत नाही ती फक्त मागणी. त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. आणि ज्याच्याकडे कोणी काही मागत नाही तो मनुष्य, त्याच्या रक्ताचे व लघवीचे सारे अहवाल निर्दोष असले तरी, हळूहळू वस्तूंच्या यादीत जमा होऊ लागतो. वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी पहिल्याच संध्याकाळी एका शाळकरी मुलीने मला विचारले, “काका, ‘श्यामची आई’ आत आहे का?” आणि मी उठून, कपाटाला धरून धरून, ते पुस्तक काढून तिच्या हाती दिले, तेव्हा कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचे सुख मला पुष्कळ दिवसांनी मिळाले. शिवाय पाठ भरून आली की मी उठून घरी जात असे. त्यासाठी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा खर्ची घालावी लागत नसे, की कारणे दाखवा नोटीस येत नसे. प्रारंभी अर्धा तासही बसवत नव्हते. दिवाळी अंकांना कव्हरे घालण्याचा हंगाम आला तोवर संध्याकाळ निभावू लागली.

अर्थात सेवाभावी संस्थाही धुतल्या तांदळासारख्या नसतात, हे आपल्या समाधानासाठी नमूद करतो. फुकट मनुष्य हा अखंड चालणारा मनुष्य होय, अशी कार्यवाहांची प्रामाणिक समजूत आहे. माझी बैठक किंचित वाढलेली दिसताच त्यांनी कसर लागलेल्या जुन्या ग्रंथांची छाननी, बालविभागाची फेरमांडणी, वर्गणीची थकबाकी आणि वसंत व्याख्यानमालेच्या वक्त्यांना आणणे-पोचविणे एवढी कामे एका दमात मजकडे सोपविली. कार्यालय काम देण्यापूर्वी निदान दाखला तरी मागते. तेथे तोही मागत नाहीत. मी तीन कामांना नकार दिला, आणि नकार देता येणे हीच प्रकृती सुधारल्याची पहिली खूण, असे माझ्या डॉक्टरांचे मत पडले.

श्रमाने रोगी बरा होतो, ही काही माझ्या वाचनालयाने लावलेली युक्ती नव्हे. इंग्लंडातील सरे परगण्यात 1905 साली उघडलेल्या फ्रिम्ली येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात मार्कस पॅटरसन या डॉक्टराने रोग्यांना प्रथम चालावयास लावले, मग मातीच्या टोपल्या दिल्या, मग लहान फावडे, मग मोठे, आणि अखेरीस कुदळ. मात्रा वाढवावी तसे श्रम वाढविले. त्या उपचारात दंडेली थोडी अधिकच होती, आणि क्षयावर खरे औषध तेव्हा सापडलेलेही नव्हते. पण औषध सापडल्यावर 1956 साली मद्रासेत जो प्रयोग सुरू झाला त्याने खाटेची उरलीसुरली प्रतिष्ठाही घालविली: आरोग्यधामात सकस अन्नावर विश्रांती घेणारे रोगी आणि गरीब वस्तीतील आपापल्या घरी तीच औषधे घेणारे रोगी यांच्यात वर्षभराने म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अंथरूण हेच औषध, ही समजूत आपल्याच देशात खोटी ठरली, आणि ती आपल्याच देशातील कचेऱ्यांत अद्याप सुखाने नांदत आहे.

उलट जर्मनीत दीर्घ आजारानंतर डॉक्टर कामाचे तास आखून देतात, प्रथम दोन, मग चार, मग सहा. आणि मालकाची संमती असेल तर त्या सर्व काळात तो मनुष्य कामावर जात असूनही कायद्याने आजारीच समजला जातो व त्याला विमानिधीतून आजारपणाचा भत्ता मिळतो. म्हणजे आपण ज्याला लबाडी म्हणता तिला त्या देशात पद्धती म्हणतात. ब्रिटनमध्ये एप्रिल 2010 पासून डॉक्टरांच्या दाखल्यावर ‘कामास अयोग्य’ याच्या जोडीला ‘पुढील सूचना पाळल्यास योग्य असू शकेल’ असा दुसरा चौकोन आला, आणि टप्प्याटप्प्याने रुजू होणे, तास बदलणे, काम बदलणे, बसण्याउठण्याची सोय करणे अशा सूचना त्याच्याखाली छापलेल्या असतात. डॉक्टराला फक्त खूण करावयाची असते.

माझ्या हाती जो दाखला पडला आहे त्यात असा चौकोन नाही. मी आजारातून बरा झालो असून शासकीय कर्तव्यावर रुजू होण्यास योग्य आहे, एवढेच त्यात लिहिले आहे, आणि ते खरे आहे. किती वेळ बसण्यास योग्य, किती जिने चढण्यास योग्य, हे विचारण्याची तसदी नमुन्याने घेतलेली नाही. वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी ते विचारले, परंतु लिहावयास जागा नव्हती.

म्हणून आस्थापना शाखेतील हितचिंतकांस माझी विनंती अशी. येत्या सोमवारी मी रुजू होत आहे. पहिले दोन महिने मला तळमजल्यावरचे टेबल द्यावे. तासाभराने उठून व्हरांड्यात चार पावले टाकल्यास त्याची वार्ता करू नये. माझ्या नावे जपून ठेवलेल्या नस्त्या एकदम न देता दररोज थोड्या द्याव्यात. आणि आपल्याकडून दरवर्षी नमुन्यांच्या सुधारणेचे प्रस्ताव वर जातातच, त्यांत योग्यतेच्या दाखल्याच्या नमुन्यात एक ओळ वाढविण्याचा प्रस्ताव घालावा. त्याची टिपणी मी लिहून देईन. ती लिहावयास मला काही होत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
रुजू होऊ घातलेला एक कारकून