हैदराबादचे फर्मान आणि आमचे रक्त

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी अंमलातून मुक्त झाला, ही गोष्ट आमच्याकडे दरसाल ध्वजारोहण करून, हुतात्म्यांना अभिवादन करून आणि अनुशेषाचे आकडे वाचून इतक्या निष्ठेने सांगितली जाते की, नांदेड-लातूरच्या माणसाला ताप आल्यास त्याच्या रक्ततपासणीचे पैसे विमा कंपनीने द्यावेत की नाही, याचा हुकूम अद्यापि हैदराबादेहूनच सुटतो, याचे कोणास भान राहत नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे सदर दफ्तर त्याच शहरी आहे. अव्वल तालुकदार गेले, जिल्हाधिकारी आले, दफ्तरातली उर्दू जाऊन तिच्या जागी इंग्रजी बसली. मोहोर उमटण्याचे गाव तेवढे कायम राहिले.

कंपन्यांनी कोणकोणत्या सबबींवर पैसे नाकारावेत याची एक समान यादी या दफ्तराने २०१९ साली घालून दिली. तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या मगदुराप्रमाणे नाकारीत असे; ती बेशिस्त संपून नकाराला राष्ट्रीय एकात्मता लाभली. या यादीतील चौथ्या क्रमांकाच्या कलमाचे सार असे की, जी भरती मुख्यत्वे तपासणी व निदान यांसाठीच झाली, तिचा खर्च देय नाही. म्हणजे आपला आजार कोणता हे रुग्णाने घरूनच ठरवून यावे आणि दवाखान्याने त्यावर केवळ शिक्कामोर्तब करावे, अशी ही व्यवस्था आहे. पूर्वीचे वैद्य नाडी धरून निदान करीत व त्याचे वेगळे पैसे मागत नसत, ही परंपरा प्राधिकरणाच्या नजरेसमोर असावी.

आमच्या लातूरच्या आळीतील एका सेवानिवृत्त गुरुजींना गेल्या भाद्रपदात सणकून ताप भरला. डॉक्टरांनी दोन रात्री ठेवून घेतले, सलाईन लावले आणि सीबीसी, विडाल, मलेरिया, डेंग्यू, लिव्हर, किडनी अशी तपासण्यांची अख्खी पलटण त्यांच्या दंडावरून चालविली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, गुरुजींच्या सौभाग्यवतींनी सिद्धेश्वराला नारळ फोडला, आणि नारळाचा प्रसाद वाटून होण्यापूर्वीच कंपनीचे उत्तर आले की, ही भरती तपासणीपुरती होती, सबब दावा नामंजूर. कॅशलेसच्या अर्जाचा निर्णय एका तासाच्या आत द्यावा असे प्राधिकरणाने २०२४ साली बजावले आहे. गुरुजींच्या बाबतीत कंपनीने त्याहूनही तत्परता दाखविली, हे तिच्या श्रेयात नोंदविले पाहिजे.

“अगं पोरी, दुखणं निघालं नाही ह्यात माझा काय गुन्हा?” असे गुरुजींनी खिडकीपाशी जाऊन विचारले. खिडकीतली मुलगी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने आवाज उतरवून सांगितले, “सर, डेंग्यू पॉझिटिव्ह आला असता तर पास झालं असतं.” पस्तीस-चाळीस वर्षे दुसऱ्यांना नापास करण्यात घालविलेल्या गृहस्थाला धडधाकट निघाल्याबद्दल नापास होण्याचा योग उतारवयात यावा, हे लातूर पॅटर्नच्या गावालाच शोभते.

या कलमामागे काही तथ्यच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंगात काडीचे दुखणे नसता, ‘पॉलिसी आहे तर चार तपासण्या होऊन जाऊ द्या’ म्हणून दोन दिवस खाटेवर पडणारे महाभाग आमच्याही परिचयाचे आहेत. पण चोराला अटकाव करावा म्हणून घरधन्यालाच उंबऱ्याबाहेर काढावे, हा न्याय मात्र फारच हैदराबादी झाला.

विमा परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची योजना आहे, आणि तिच्या बाबतीत नांदेडला अग्रपूजेचा मान आहे. कारण २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत हा जिल्हा होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव लाभले, आणि दीड लाखाचे कवच पाच लाखांचे झाले. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही आमच्या आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत सातबारा दाखवून तिच्यात प्रवेश मिळू लागला, त्यामुळे पित्ताशयातील खड्यांचा आणि गट नंबरातील खड्यांचा पंचनामा एकाच दफ्तरात होऊ लागला. मात्र येथेही पूर्वमंजुरीच्या अर्जाला तपासणीचे अहवाल जोडावे लागतात. रोग आधी सिद्ध करावा, मग आरोग्यमित्राने मैत्री करावी.

उरली ती लॅब. भज्यांच्या गाड्याला अन्न-सुरक्षेची नोंदणी लागते; माणसाच्या रक्ताचा निवाडा करणाऱ्या दुकानाला मात्र शॉप ॲक्टचा कागद पुष्कळ झाला. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा, आम्ही मुंबई राज्यात येण्यापूर्वी सात वर्षे झालेला. त्यात स्वतंत्र लॅब बसत नाही. केंद्राच्या २०१० च्या कायद्यात ती बसते, तर तो कायदा महाराष्ट्राने अंगीकारला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी, अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी असे ठरविले, त्याचा परिणाम एवढाच दिसतो की सह्यांना मागणी आली.

गुरुजींच्या नॉर्मल रिपोर्टाखाली अशीच एक निळी, किंचित उजवीकडे झुकलेली, स्कॅन केलेली सही आहे. आणि त्याच तारखेच्या, सव्वाशे किलोमीटरहून दूर असलेल्या नांदेडच्या एका लॅबच्या रिपोर्टाखाली, जो त्यांच्या मेव्हण्याने कौतुकाने शेजारी ठेवून दाखविला, तीच सही त्याच झुकावाने विराजमान आहे. कंपनीने गुरुजींच्या अर्जातील ‘व्यंकट’ आणि आधार कार्डावरील ‘वेंकट’ यांतील तफावत हुडकून तीबद्दल लेखी खुलासा मागविला होता, दवाखान्याच्या बिलावरील अस्पष्ट शिक्क्याविषयी हरकत घेतली होती, औषधाच्या एका पावतीवर वेळ नाही म्हणून शेरा मारला होता. संपूर्ण फाइलीत तिने निःशंकपणे ग्राह्य धरलेला कागद एकच, तो रिपोर्ट.