ती श्वासावर, मी दुधावर

बायकोने विपश्यनेला जायचं जाहीर केलं तेव्हा घरात कुणी हसलं नाही. हसण्याइतकं कुणी सावरलंच नव्हतं. इगतपुरीचं धम्मगिरी, दहा दिवसांचं शिबिर. बोलायचं नाही, फोन नाही, वाचायचं-लिहायचं नाही. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, आणि पहिले तीन दिवस नुसता नाकातून येणारा-जाणारा श्वास पाहायचा. तोही नाकपुड्यांखालच्या, मिशीच्या जागेवर. "आणि मग?" मी विचारलं. "मग बाकीचं शरीर," ती म्हणाली.

तिला पोचवायला गेलो. कसाऱ्याला आमच्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागली. घाटाचा चढ सदतिसाला एक, मागून रेटा दिल्याशिवाय गाडी चढत नाही. इगतपुरी आली की ही इंजिनं सोडून देतात. मीही तिची बॅग फाटकापर्यंत नेली आणि मलाही सोडून देण्यात आलं.

परतीच्या गाडीत या शिबिरांमागच्या गोएंका गुरुजींबद्दल वाचलं. ते १९५५ साली रंगूनला या साधनेकडे गेले ते अर्धशिशीला कंटाळून. शिकवणारे सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. हे मला एकदम पटलं. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाशिवाय एकेक श्वास तपासायचा धीर कुणाला असणार?

घरी माझ्या वाट्याला दूध आलं. "अरे, नुसतं बघत उभा राहा," आई म्हणाली. सांगायला काय जातं! आधी पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुडे येतात. मग साय थरथरते, मधोमध जरा फुगते. इथवर मन जागेवर असतं. मग ते वीजबिलावर जातं. त्याला परत आणावं तर ते सोसायटीच्या सेक्रेटरीवर जातं, आणि तिथून सहजासहजी परतत नाही. दूध नेमकं याच क्षणाची वाट पाहत असतं.

शिबिर संपवून ती आली. चेहरा शांत, चाल सावकाश. चप्पल काढता काढता तिने एक श्वास घेतला, मोठा नाही, साधाच.

"दूध उतू गेलं होतं?"

मी कट्टा पुसला होता. बर्नर सोड्याने घासला होता. उदबत्तीसुद्धा लावली होती. काही बोलणार तोच आतून आईने आकडा सांगितला. सुनेच्या प्रश्नाला एवढ्या तत्परतेने उत्तर तिने आजवर कधी दिलं नव्हतं.