नानांचा सा

बँकेतून निवृत्त झाल्यावर काही जण टेकडी चढतात, काही जण सोसायटीचे सेक्रेटरी होतात. नाना ‘प्रारंभिक’ला बसतात. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची ही पहिली पायरी. त्यामुळे रांगेत पुढेमागे आठ-नऊ वर्षांची मुलं आणि मधे लॅमिनेट केलेलं हॉलतिकीट धरून नाना. असे नाना कोथरूडात आहेत, ठाण्यात आहेत. डोंबिवलीत तर बहुधा जिन्यागणिक आहेत.

शास्त्र त्यांना आठवड्यात पाठ. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र मध्यम, एकूण बारा. पुढे भातखंड्यांचे दहा थाट. भातखंडे वकिलीही शिकले होते हे कळल्यापासून तर नानांना ते घरचेच वाटतात. ‘बघा, सगळे राग कसे खातेवार लावलेत!’

अडतं ते कानाशी. बाईंनी पेटीवर पट्टी दाबली की शेजारची चिमुरडी तोंडातली चिक्की न थांबवता ‘तीव्र म’ म्हणून मोकळी होते. नाना तेव्हा वही उघडत असतात.

मग घरी सराव. कुकरची शिट्टी झाली की नाना ओरडतात, ‘कोमल निषाद!’ आतून उत्तर येतं, ‘असेल. तिसरी झाली, गॅस बंद करा.’

बाईंनी मात्र विचारलं, ‘काका, कोमल निषाद कुणाच्या सा-चा?’ पेटीची पांढरी सात घ्या. काळी एकला सा मानला तर ती कोमल निषाद; पांढरी तीनला मानला तर तीच पंचम. सा ठरल्याशिवाय शिट्टी ही नुसती शिट्टीच.

तेव्हापासून नाना सा बरोबर घेऊनच फिरतात. खिशातल्या मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, काळी एक, दिवसभर. भाजीवाल्याला सवय झाली आहे. सोसायटीच्या शोकसभेतली दोन मिनिटांची शांतताही आता काळी एकमध्येच पाळली जाते.

नुसत्या पंचम-षड्जात लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, असंही बाईंनी सांगितलं. ही काही भाविकांची समजूत नाही. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा अंश त्या नादात खरोखरच असतो आणि पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो. नानांना तो अजून भेटायचा आहे. मान मात्र ते नेमकी तिथेच डोलावतात, कारण बाई तिथे डोलावतात.

खरी फजिती मैफलीत झाली. गायिकेने आलाप सुरू करताच नाना शेजाऱ्याच्या कानाशी लागले, ‘भूप!’ शेजाऱ्याने घड्याळ दाखवलं. सकाळचे नऊ. चालू होता देशकार. दोघांचे स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूप संध्याकाळचा, त्याचा जीव गंधारात, आणि देशकार सकाळचा, धैवतावर रेंगाळणारा. हा फरक कानात मुरायला वर्षं लागतात. नानांनी एका रात्रीत तोडगा काढला : राग ओळखण्याआधी घड्याळ बघायचं. तेव्हापासून त्यांचा भूप चुकलेला नाही आणि आसपासच्या खुर्च्यांत त्यांचा दबदबा आहे.

मारवा आणि पूरिया हेही एकाच स्वरांचे. पण दोन्ही दिवस मावळतानाचे. ती सुरावट कानावर पडली की नाना पाणी प्यायला बाहेर जातात.