गाडीचा सातबारा

मी 33 वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की आधी तिचे कागद पाहावेसे वाटतात. मुलीचं लग्न ठरवताना मी मुलाला पाहण्याआधी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागवला होता. जावईबापूंनी तो पाठवला, आणि तोही साक्षांकित करून. पोरगी इथे सुखात राहील हे मला त्या शिक्क्यावरूनच कळलं.

ती राहते डेट्रॉइटजवळ. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या मोटारींची जत्रा भरते, 1995 पासून. पालखी यायच्या वाटेवर बसावं तसे लोक सकाळपासून घडीच्या खुर्च्या टाकून रस्त्याच्या दुतर्फा बसतात आणि समोरून शेवरले, पॉन्टिअॅक, ब्यूइक असे एकेक मानकरी गुरगुरत, चालत्या माणसाच्या वेगाने जात असतात. जावई सांगत होते, "बाबा, ही '57 ची बेल एअर, ही '64 ची जीटीओ." मी माना डोलवत होतो. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. लांबलचक, आणि पेट्रोल फुकट असल्यासारख्या.

तेवढ्यात एका दुकानाच्या आवारात उभ्या असलेल्या फोर्ड मस्टँगच्या काचेवर पाटी दिसली. विकणे आहे, सर्व कागदपत्रांसह.

"सर्व कागदपत्रांसह" हे शब्द मी नोकरीभर वाचले, पण खरे ठरलेले कधी पाहिले नाहीत. मी थांबलो. गाडीशेजारी साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मांडीवर चार बोटं जाडीची फाईल होती. माझी नजर गाडीवरून घसरून फाईलवर गेली हे त्यांनी ओळखलं. त्यांनी दुसरी खुर्ची उघडली.

पहिल्याच पानावर जन्मपत्रिका. त्या काळच्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा असतो आणि तो वाचता आला तर गाडी आपण होऊन बोलू लागते. पहिला 7, म्हणजे 1967 चं मॉडेल. मग एफ, म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, इथून अर्ध्या तासावरचा. 01 म्हणजे पक्क्या छपराची, दोन दारांची. टी म्हणजे 200 घनइंचांचं, सहा सिलिंडरचं, 120 अश्वशक्तीचं गरीब इंजिन. उरलेले सहा आकडे तिचा स्वतःचा अनुक्रमांक. एफच्या जागी आर असता तर ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची ठरली असती, आणि टी असता तर न्यू जर्सीतल्या मेटचनची. हा मेटचनचा कारखाना मुळात एडिसनच्या हद्दीत होता. तो 2004 साली बंद झाला. आता एडिसनला आपली निम्मी नातेवाईक मंडळी राहतात. माझा भाचाही तिथेच आहे, पण त्याला विचारलं तर त्याला फक्त इडलीचं दुकान ठाऊक.

पुढे दारावरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो. त्यात रंगाच्या रकान्यात एम, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. महिन्यासाठीही अक्षरंच आहेत, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी. पण आय हे अक्षर एकाशी गफलत होईल म्हणून वगळलेलं, म्हणून सप्टेंबर जे होतो. मला एकदम त्या अनोळखी फोर्डवाल्या कारकुनाबद्दल जिव्हाळा वाटला. खाडाखोड टाळण्यासाठी आधीच एक अक्षर बाद करणारा माणूस आमच्या कचेरीत असता तर कितीतरी दावे उभेच राहिले नसते.

मग काचेवरचा किमतीचा कागद. तो नव्या गाडीला चिकटवण्याची सक्ती 1958 च्या कायद्याने झाली, ओक्लाहोमाच्या मनरोनी नावाच्या सिनेटरमुळे, आणि लोक त्या कागदालाच आजतागायत मनरोनी म्हणतात. गाडी विकत घेतली की लोक तो खरवडून टाकतात. या गाडीच्या पहिल्या मालकिणीने तो सोलून, घडी घालून ठेवला होता. त्याच्या मागे तिने वाण्याचा हिशेब लिहिला होता. तो हिशेबही प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेला.

त्यानंतर जे पान आलं ते पाहून मी चष्मा पुसला. ॲरिझोनात केव्हिन मार्टी नावाचे एक अभ्यासक आहेत. फोर्डच्या 1967 पासूनच्या उत्पादन नोंदी त्यांच्याकडे आहेत. नंबर कळवा, फी भरा, ते अहवाल पाठवतात. गाडीची मागणी कधी नोंदली, ती बांधली कधी, विकली कधी, आणि अगदी अशाच रंगाच्या, अशाच गादीच्या गाड्या एकूण किती निघाल्या. हा सातबाराच झाला. फक्त आमच्याकडे उताऱ्यासाठी चार हेलपाटे घालावे लागत, आणि पाचव्याला तलाठी रजेवर असे.

म्हातारेबुवांना ऐकणारा भेटला म्हणून ते खुलले. कारखान्यातला खरा कागद, बिल्ड शीट, त्यांना मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडला होता. कामगार काम झालं की तो तिथेच कोंबून देत. 1967 ते 82 च्या कॉर्व्हेटमध्ये म्हणे तो पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर चिकटवलेला असतो. कुंडली बघायची तर आधी टाकी उतरवा. आपल्याकडे निदान पत्रिका ट्रंकेत असतात.

मग त्यांनी एक फोटो दाखवला. गाडीच्या पोटाखाली, एका स्प्रिंगवर ओढलेला रंगाचा फटकारा. कारखान्यातले तपासनीस वस्तू बघितली की असा फटकारा मारून पुढे जात. गाडी नव्याने दुरुस्त करताना तो पुसला जातो, म्हणून ही मंडळी तो पुन्हा मारतात. त्याच रंगाने, त्याच जागी, आणि तितक्याच गबाळेपणाने. फार नीट मारला तर स्पर्धेत गुण कापले जातात! गाडी कारखान्यातून निघाली होती त्याहून जास्त चकचकीत केली तरी कापतात. सन 1967 मधल्या एखाद्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, कुणी एकाने घाईत केलेलं काम 50 वर्षांनी दुसरा कुणी चार दिवस सराव करून तसंच घाईत केल्यासारखं करतो. यात हसण्यासारखं काही नाही असं गृहस्थांचं म्हणणं होतं. मी हसलो नाही. मी स्वतः एकदा जुन्या फेरफाराची नक्कल करताना मूळ कारकुनाची शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी उतरवून काढली होती, कारण ती सुधारली असती तर नक्कल खरी राहिली नसती.

"बुलिटची गाडी ठाऊक आहे ना?" त्यांनी विचारलं. नव्हती. पण ही गोष्ट मला कुणीतरी आधीच सांगायला हवी होती. 1968 च्या बुलिट या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून हिरवी मस्टँग उधळतो. त्यातली एक गाडी 1974 साली मासिकातल्या छोट्या जाहिरातीतून एका साध्या गृहस्थाने घेतली. त्याची बायको शिक्षिका होती. ती त्याच गाडीतून शाळेत जायची. 1977 मध्ये खुद्द मॅक्वीनने टंकलिखित पत्र पाठवलं, की गाडी परत हवी आहे, बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो, मात्र फार पैसे पडणार असतील तर राहू द्या. नवऱ्याने गाडी दिली नाही, आणि पत्र जपून ठेवलं. 1980 मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली, ती चांगली तीन दशकांहून जास्त. रंग विटला, पत्रा गंजला. पण पोटाखाली कॅमेरे बसवण्यासाठी केलेलं वेल्डिंग तसंच होतं, नंबर तोच होता, आणि पत्र होतं. 2020 च्या 10 जानेवारीला फ्लोरिडातल्या लिलावात मुलाने ती विकली. हातोडा पडला 34 लाख डॉलरवर. वरचा आकार धरून 37 लाख 40 हजार. कुणी ती आधी रंगवून चकचकीत केली असती तर तिचं वाटोळंच झालं असतं.

गंजाला किंमत येते हे मला पटायला जड गेलं, पण तो कुठे आणि कधी लागला याचा दाखला असेल तर येते. माझ्या गुडघ्यावर कोयरीएवढा व्रण आहे. सायकलवरून पडलो असं आई सांगायची, विहिरीवर पडलास असं काका म्हणायचे. पंचनामा झाला नाही. माझी जन्मतारीखसुद्धा एक जून आहे, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींना सोयीची वाटली ती. आमच्या वर्गात एका बाकावर बसणाऱ्या तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी असे. त्यातला एक दुसऱ्याचा मामा होता. आणि ही फोर्ड, मजेत मांडीवर फाईल घेऊन सांगते, की माझी मागणी अमुक तारखेला नोंदली.

मी गृहस्थांना एक सूचना केली. तीन मालकांच्या पावत्या होत्या, पण दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गाडी गेली तेव्हाची तारीख पावतीवर एक आणि नोंदणीवर दुसरी पडली होती. मधल्या अकरा दिवसांत गाडी कुणाची? ते गंभीर झाले. 20 वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं म्हणाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि समासात बारीक प्रश्नचिन्ह टाकलं. मी त्यांना पेन्सिलच वापरा म्हणून सांगणार होतो, पण त्यांना ते आधीच माहीत होतं.

घरी येताना जावयांनी विचारलं, "बाबा, पाऊण तास बसला होतात. कशी होती गाडी?"

"निष्कलंक," मी म्हणालो. "अकरा दिवस सोडले तर."

"इंजिन पाहिलंत?"

"200 घनइंच."

"म्हणजे बॉनेट उघडून बघितलंत का?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. मुलीने पुढच्या सीटवरून मान वळवली. "बाबा, रंग कुठला होता हो तिचा?"

"कागदोपत्री पांढरा," मी म्हणालो.