पूर्वीची कामे

हिंजवडीची बस ज्यांना न्यायला येते ते आयटीवाले. ज्यांना येत नाही, ते ‘कॉम्प्युटरचं काहीतरी करतात’. आमचे गृहस्थ या दुसऱ्या गटातले. नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली, दोन खुर्च्या, आणि तिसऱ्या माणसाने येऊच नये अशी एकूण रचना. नेमकं काय करता, असं विचारलं की म्हणतात, “फ्रंट-एंड. म्हणजे गिऱ्हाइकाला जे दिसतं ते माझं. जे दिसत नाही ते पार्टनरचं. आणि पार्टनर कॅनडाला गेला.” सोसायटीत मात्र त्यांची ख्याती वायफाय चालू करून देणारे म्हणून आहे.

जुन्या कामांचा विषय निघाला की लॅपटॉप उघडतो. ‘फायनल’ नावाचं फोल्डर, त्यात ‘फायनल नवीन’, आणि त्याच्याही पोटात ‘फायनल नवीन आप्पांनी पाहिलेलं’.

आप्पा म्हणजे लक्ष्मी रोडमागच्या मसाल्याच्या दुकानाचे मालक. त्यांच्यासाठी आयतं टेम्प्लेट आणलं होतं. त्यात चार पानं: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, शाखा, संपर्क. “शाखांचं पान काढून टाकतो,” असं हे म्हणाले, तेव्हा आप्पांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “पैसे चार पानांचे लावलेत ना?” पान राहिलं. उघडलं की पांढऱ्याशुभ्र पडद्याच्या मधोमध एकच ओळ: आमची कोठेही शाखा नाही. 

पुढची मागणी अशी, की चौकशीचा फॉर्म दुपारी एक ते चार बंद ठेवा. निरोप आला की फोन वाजतो आणि झोपमोड होते. हे जावास्क्रिप्टच्या चार ओळींत जमलं. पण जावास्क्रिप्ट वेळ बघते ती बघणाऱ्याच्या घड्याळातली. त्यामुळे न्यू जर्सीतल्या माणसाला गोडा मसाला मागवायचा असेल, तर तिथल्या दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि त्याने पहाटे साडेतीनला मागवला तर इकडे आप्पांची झोपमोड. चूक दुरुस्त करायला हे गेले, तर आप्पांनीच थांबवलं. “राहू दे. त्यांनाही कळू दे शिस्त.” झोपेपुरता फोन बंद ठेवायची सोय त्यांच्या मुलाने नंतर दाखवली.

एथन मार्कॉट नावाच्या अमेरिकी डिझायनरने २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह’ वेबसाइटची कल्पना मांडली. पडदा अरुंद झाला की शेजारशेजारचे चौकोन आपोआप एकाखाली एक येतात. मार्कॉटने गणेशोत्सव मंडळाची कार्यकारिणी पाहिलेली नसावी. आमच्या गृहस्थांनी एका मंडळाची साइट केली. कॉम्प्युटरवर अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष शेजारीशेजारी हात जोडून उभे. उद्घाटन झालं, सगळ्यांनी मोबाइल काढले, आणि कार्याध्यक्ष अध्यक्षांच्या खाली गेले. 

“काका, हे मुद्दाम केलंय का?” 

त्या रात्री यांनी फोटो फिरते केले. मग आधी कोण फिरणार, हा प्रश्न. शेवटी पान उघडेल तेव्हा जो येईल तो पहिला, अशी निव्वळ नशिबावरची सोय केली. दोन्ही बाजूंची पोरं आपापले साहेब वर येईपर्यंत पान रिफ्रेश करत बसली, आणि वर्षभराच्या होस्टिंगची मर्यादा विसर्जनाआधीच संपली. साहजिकच बिल देताना दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

मजकुराचं दुखणं त्याहून जुनं. गिऱ्हाईक मजकूर आणायचं पत्रिका छापणाऱ्याकडून, पुण्यातच तयार झालेल्या श्री-लिपीत किंवा तसल्या एखाद्या फॉन्टात. या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला ‘शुभविवाह’च्या जागी डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं दिसणार. युनिकोड रुळेपर्यंत गृहस्थ अख्खा मजकूर पुन्हा हाताने टाइप करत. मग गिऱ्हाइकाचे निवृत्त शिक्षक असलेले सासरे साइटचे प्रिंट मागवत आणि लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवत. माझ्या मते त्या काळातली शुद्ध मराठी वेबसाइट ही अशा सासऱ्यांची देणगी आहे. इतिहास कुणी लिहिलाच, तर यायला हवं हे.

हळवे होतात ते फक्त फ्लॅशच्या, म्हणजे साइटवरची चित्रं हलवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या नावाने. एका बिल्डरसाठी त्यांनी सूर्योदय केला होता. तानपुरा लागायचा, धुक्यातून बारा मजली इमारत वर यायची, बाल्कनीतून पक्षी उडायचा. कोपऱ्यातलं ‘स्किप इंट्रो’चं बटण त्यांनी मुद्दाम इतकं बारीक केलं होतं, की पक्षी उडाल्याशिवाय सापडू नये. इमारत प्रत्यक्षात सातव्या मजल्यावर अडली, पण साइटवर रोज बारा मजले चढत होती. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला आणि १२ जानेवारीपासून फ्लॅशमधलं काही चालूच द्यायचं नाही, असं केलं. “मोजा,” ते म्हणतात, “बरोबर तेरावा दिवस.” आता सूर्योदय बघायचा तर जुनं विंडोज असलेला, पंखा घरघरणारा कॉम्प्युटर चालू करावा लागतो. त्यात तानपुऱ्याला पंख्याचाच षड्ज मिळतो.

बाकीची कामं ते वेबॅक मशीनवर दाखवतात. गेलेल्या साइटींच्या जुन्या प्रती जपणारी ही सोय २००१ साली सगळ्यांसाठी खुली झाली. पण पान सापडलं तरी चित्रं सापडतीलच असं नाही. मग हे रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून सांगतात, “इथे जिलब्यांचा फोटो होता. इथे वाफ हलायची.”

परवा एक काकू आल्या होत्या. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतात, साइट हवी होती. यांनी पूर्वीच्या कामांची यादी पुढे केली आणि चहा सांगायला खाली गेले. काकूंनी यादीतलं पहिलंच नाव दाबलं. ते एका मंगल कार्यालयाचं. कार्यालयाने डोमेन रिन्यू केलं नव्हतं, ते भलत्याच कुणीतरी घेतलं, आणि तिथे आता ऑनलाइन रमी चालते. हे चहा घेऊन आले, तर पडद्यावर चार एक्के, सोन्याच्या नाण्यांचा पाऊस. 

“अहो, हे छान आहे की! हे तुम्हीच केलंत?” काकूंनी विचारलं. “पत्त्यांच्या जागी चकल्या, आणि नाण्यांच्या जागी शंकरपाळे पडायला हवेत. किती घ्याल?” 

गृहस्थांनी कप खाली ठेवला, क्षणभर पडद्याकडे पाहिलं. 

“पंचवीस,” ते म्हणाले. “शंकरपाळ्यांचे वेगळे.”