बिनपगारी फुल इंजिनिअर

जेसीबीचा पंजा जमिनीला लागायच्या आत हे गृहस्थ तिथं हजर असतात. त्यांना कोण कळवतं, हा शोधाचा विषय आहे. डोक्याला दुपट्टा, हात पाठीमागे बांधलेले, गाडी स्टँडवर पण किल्ली गाडीलाच, कारण ‘दोनच मिनिटं’ थांबायचं असतं. ती दोन मिनिटं जेवणाच्या वेळेपर्यंत चालतात. २०१९ च्या मे महिन्यात अख्ख्या देशाला जेसीबीची खुदाई पाहणाऱ्यांवर विनोद सुचले आणि ते मोबाइलमोबाइलवर फिरले, तेव्हा सगळे हसले, हे मात्र दुखावले. “याच्यात हासाचं काय हाय जी? कोणी पाह्यत नाई म्हणूनच तं कामं अशी होते.”

अमरावतीत राजापेठेत उभे राहा की अकोल्यात अशोक वाटिकेपाशी, असा एक तरी नग सापडतोच. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी एसटीतून, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस मात्र यांच्यात कधी दिसत नाही. काय दिसेल ते त्याला आधीच ठाऊक असतं.

आपण याला साहेब म्हणू. साइटवरचे मजूर तसंच म्हणतात. बैतूल-खंडव्याकडून नव्यानं आलेली पोरं तर यांना पाहून घाईघाईनं हेल्मेट चढवतात. साहेब त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत. ढिगातली एक गिट्टी उचलतात, तळहातावर दोनदा उडवतात, उन्हाकडे धरून पाहतात आणि परत ढिगावर टाकून नुसतं “हं” म्हणतात. हे “हं” दुपारी मुकादमापर्यंत पोचतं, संध्याकाळी ठेकेदारापर्यंत. दुसऱ्या दिवशी साहेबांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणि कटिंग चहा येतो. हुद्दा विचारायची हिंमत कोणाला होत नाही, आणि विचारलाच तर साहेब म्हणतात, “पब्लिक.”

त्यांची खरी माहिती मात्र खुर्चीवर बसून मिळत नाही. ती खर्रा घोटताना मिळते. मुकादम पन्नीवर सुपारी-तंबाखू घोटत असतो, साहेब शेजारी उकिडवे बसतात, आणि त्या पाच मिनिटांत सिमेंट कुठून येतं, बिल कुठं अडकलं, मागचा सुपरवायझर का पळाला हे सगळं बाहेर पडतं. माहितीचा अधिकार देशाला २००५ साली मिळाला. खर्र्याचा अधिकार वऱ्हाडात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याला तीस दिवस थांबावं लागत नाही.

जगात अशी माणसं सगळीकडे आहेत. अमेरिकेत ओरलँडोला ‘एपिक युनिव्हर्स’ नावाची करमणुकीची नगरी २२ मे २०२५ ला उघडली. तिचा एकेक खांब उभा राहताना हौशी लोकांनी हेलिकॉप्टरमधून फोटो काढले, कुठल्या पाळण्याचा कुठला रूळ बसला यावर वर्षानुवर्षं वाद घातले. इटलीत बोलोन्या गावात तर मागे हात बांधून खोदकाम पाहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या सन्मानार्थ एका छोट्या चौकाला त्यांचं नाव दिलंय. हे साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आपल्या इथं चौकाचं नाव काढू नोका. आधी मोर्चा निघते, मंग खोदकाम.”

वऱ्हाडात डिस्नेलँड नाही. पण चिखलदरा आहे, आणि चिखलदऱ्याला स्कायवॉक आहे. आहे म्हणजे काय, यावर साहेब तासभर बोलू शकतात. गोरघाट पॉईंट ते हरिकेन पॉईंट, मध्ये दरी, दरीवर केबलला लटकलेला ४०७ मीटरचा काचेचा पूल, काम सिडकोचं. साहेबांच्या हिशेबात स्वित्झर्लंडचा ३९७ मीटर, चीनचा ३६०. साहेब परतवाड्याच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत, पण स्वित्झर्लंडला दहा मीटरनं मागं टाकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असा असतो की ते दहा मीटर जणू त्यांनी घरच्या जागेतून दिले असावेत.

पुढं मेळघाटचं जंगल आडवं आलं. वन्यजीव खात्याची परवानगी, पर्यावरणाची परवानगी, राज्याचं झालं की केंद्राचं. ही फाइल अमरावतीहून नागपूरला, तिथून मुंबईला, तिथून दिल्लीला कशी गेली हे साहेब आपल्या लेकीच्या सोयरिकीसारखं सांगतात: कुठं होकार आला, कुठं पत्रिका जुळली नाही, कुठं पाहुणे निरोप देतो म्हणाले आणि दिला नाही. राग मात्र कोणावर नाही. एकदा कोणीतरी वाघांमुळे काम रखडलं म्हणून वाघांना बोल लावला, तर साहेब गंभीरपणे म्हणाले, “वाघ काय करीन बिचारा? त्याले तं इंग्रजीतली नोटीसही वाचता येत नाई.”

साहेबांना पाहायचं तर श्रावणात गोरघाटावर पाहावं. चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या वर, विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. धुकं असं उतरतं की हातातलं भाजलेलं कणीस तोंडापर्यंत नेताना चाचपावं लागतं. अख्खं विदर्भ तिथं धुकं पाहायला येतं आणि साहेब एकटेच धुक्याला शिव्या देत उभे असतात, कारण टॉवर दिसत नाही. पर्यटक येतात, कठड्याला टेकतात, म्हणतात, काहीच दिसत नाही. त्यांचं कणीस संपायच्या आत साहेब पुढं होतात. “काहून दिसत नाई? हे पाहा, इथून सरळ. तो टॉवर. त्याच्या डाव्या अंगाले केबलचं अँकर.” बोट पांढऱ्या शून्यात रोखलेलं. आणि गंमत अशी की दहा मिनिटांनी त्या कुटुंबातल्या दोन पोरांना टॉवर दिसायला लागतो, आणि आई त्याच्या दिशेनं तोंड करून सेल्फी काढते.

कामाच्या प्रगतीचं मोजमाप साहेबांकडे टक्क्यांत असतं आणि ते सरकारी आकड्यांशी कधी जुळत नाही. काम कोणतंही असो, विचारलं की उत्तर तयार. मागच्या दिवाळीत पंच्याऐंशी टक्के होतं. या दिवाळीत विचारलं तर ब्याऐंशी. कमी कसं झालं? “सळाखीले जंग लागला न बाप्पा. तो कोण धरीन?”

फक्त एका ठिकाणी साहेबांचं काही चालत नाही. शेगावच्या आनंद सागरला. वऱ्हाडातल्या एका पिढीची शाळेची सहल म्हणजे आनंद सागर: तळं, तळ्यातल्या बेटावरचं ध्यानमंदिर, आणि पोरांना पाठ असलेली ती छोटी आगगाडी. मधे ते बंद झालं, लोक हळहळले, मग काही भाग पुन्हा उघडला. साहेब अर्थातच आत काय नवीन बसवलं, जुनं काय काढलं हे पाहायला गेले. एका झाकलेल्या भागापाशी वाकून डोकावले, तोच मागून मऊ आवाज आला, “माउली, पुढे चला.” पांढऱ्या कपड्यातला सेवाधारी हात जोडून उभा. साहेब सरकले. दुसऱ्या कुंपणापाशी थांबले. “माउली, पुढे चला.” ठेकेदाराला घाम फोडणारं ते “हं” तिथं उमटलंच नाही. गजानन महाराज संस्थानात शिस्तीपुढं भलेभले पुढे चालतात. परत येताना कचोरी खाऊन साहेबांनी एवढंच मत दिलं की काम एक नंबर असणार, कारण कोणाला पाहू देत नाहीत.

आणि मग आला जून २०२२.

अमरावती-अकोला रस्ता तेव्हा असा होता की बडनेऱ्याहून निघालेला माणूस मूर्तिजापूरपर्यंत आपले मणके मोजून घेत असे. साहेबांनी त्या रस्त्यावर वर्षं काढली होती. कुठला खड्डा कुठल्या पावसाळ्यातला हे ते गाडी न थांबवता सांगत. तिथं ३ जूनच्या सकाळी, नवतपा नुकताच संपलेला असताना, लोणी ते मूर्तिजापूर डांबरीकरण सुरू झालं आणि ७ तारखेच्या संध्याकाळी संपलं. एका लेनचा ७५ किलोमीटर रस्ता, १०५ तास ३३ मिनिटांत, सातशेवर माणसं पाळीपाळीनं राबवून. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. गडकरींच्या हातात गिनीजचं प्रमाणपत्र आलं, वऱ्हाडाचं नाव जगात गेलं.

साहेबांचं मात्र आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान झालं.

त्यांनी तयारी केली होती. पाण्याची कॅन, भाकरी-ठेचा, दोन दुपट्टे, रस्त्याकडेच्या कडुलिंबाची सावली हेरून ठेवलेली. पेव्हर मशीन समोर आलं, डंपरमधून वाफाळतं डांबर ओतलं गेलं, मागून रोलर फिरला. साहेब उठून जवळ गेले, गिट्टी उचलायला वाकले. गिट्टी गरम होती. बोट तोंडात घालेपर्यंत पेव्हर चार पावलं पुढं. मुकादमाला हाक मारली, तर मुकादमाला खर्रा घोटायला वेळ नाही. हा धक्का त्यांना आजवर कोणी दिला नव्हता. जेवण केलं, झाडाखाली जरा पडले, उन्हाच्या झापडीत दोन तास गेले. ताशी पाऊण किलोमीटरच्या आतबाहेर तो रस्ता चालला होता. डोळे उघडले तर समोर गुळगुळीत काळी पट्टी आणि माणूसकाणूस नाही. काम दीड किलोमीटर पुढं निघून गेलं होतं.

“हे काई काम झालं का राजेहो?” साहेब आजही कळवळून विचारतात. “काम म्हणजे कसं पाह्यजे, आपण गेलो का तिथंच असाले पाह्यजे. याच्या मांगं पळा लागते!”

सूड म्हणून त्यांनी हिशेब काढला. एका लेनचा ७५ म्हणजे दोन लेनचा साडेसदतीसच. हा साडेसदतीसचा आकडा ते लग्नात, मौतीत, दवाखान्यात, कुठंही काढतात. पण परका कोणी, विशेषतः पुण्याचा पाहुणा, त्या रस्त्याला नावं ठेवू लागला की तेच साहेब ७५ वर येतात. एका इंचानं कमी घेत नाहीत.

पुण्याचा विषय निघालाच आहे, तर घरचंही सांगायला हवं. घरी स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा ठरला तेव्हा काकूंनी आधी तिकीट काढलं आणि साहेबांना लेकीकडे पुण्याला पाठवून दिलं. मिस्त्री आठवड्यात काम करून गेला. साहेब महिन्यानं परतले. पुण्यात मेट्रोचे खांब उभे राहत होते. जावई म्हणतो, बाबा सकाळी डबा घेऊन जायचे. मी ऑफिसला आणि बाबा साइटवर. मोबाइलमध्ये एवढे खांब साठले की नातवाच्या बारशाला फोटो काढायला जागा उरली नाही. कोणते खांब उडवायचे हे ठरेपर्यंत बारसं आटोपलं.

अकोल्यातही एक साहेब आहेत, आणि या दोघांचं सख्य म्हणजे जुन्या भांडणाचाच एक प्रकार. विक्रमी रस्त्यावरही त्यांचं जुंपलं होतं: लोणी अमरावती जिल्ह्यात, मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, मग विक्रम कोणाचा? पण खरी ठिणगी पडली १६ एप्रिल २०२५ ला, अमरावतीच्या बेलोरा विमानतळाच्या उद्घाटनाला. १८५० मीटरची धावपट्टी, मुंबईहून एटीआर विमान आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलं खांद्यावर घेतली. अमरावतीचे साहेब विमानाकडे पाठ करून कुंपणाच्या भिंतीचा गिलावा नखानं खरवडत होते. विमानात बसणार का, असं कोणीतरी विचारलं. “कायले? विमान काय, कुठंही दिसते. नाईट लँडिंगचं काम कधी निघते ते सांगा.”

अकोल्याच्या साहेबांना हे उद्घाटन फार लागलं. शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, बेलोऱ्याच्या कितीतरी आधीची. ती वाढवायची तर पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन हवी, आणि तो प्रश्न पिढ्यानपिढ्या भिजत पडलेला. “तुमचं विमान उडालं, कबूल,” ते म्हणाले. “पण आता तुमाले पाह्याले काय उरलं? आमचं अजून सगळंच बाकी हाय.” अमरावतीचे साहेब निरुत्तर झाले. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा शिवणीला जातात. कोणाला सांगत नाहीत.

अलीकडे ही जोडी मूर्तिजापूर स्टेशनात दिसली. इथून शकुंतला निघायची, एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडाचा कापूस वाहायला घातलेली नॅरोगेज. आता गाडी बंद आहे, रुळांत बाभळी उगवल्यात, आणि ब्रॉडगेजची मागणी निवेदनांमधून धावते आहे. दोघं रुळांच्या कडेला, हात पाठीमागे बांधून, अगदी शिस्तीत उभे. समोर ना मजूर, ना मशीन, ना गिट्टीचा खडा. एक शेळी होती. ती बाभळीचा पाला खात होती.

“इथं काय पाहून रायले जी?”

“काम.”

“पण काम तं सुरूच नाई झालं!”

अकोल्याच्या साहेबांनी अमरावतीच्या साहेबांकडे पाहिलं. अमरावतीच्या साहेबांनी खाली वाकून रुळाजवळचा एक दगड उचलला, तळहातावर दोनदा उडवला आणि समाधानानं “हं” केलं.

“मंग बरोबर,” ते म्हणाले. “त्या रस्त्याच्या वक्ती झोप लागली आन् सगळं निघून गेलं. या येळेस आमी टायमाच्या आंधी आलो.”